चार बोटं पाणी

चिंचखार,
१६ फेब्रुवारी

प्रिय गणराज,

जय भीम आणि राम राम, दोन्ही. शाळेत असताना आपण हे उलटं करायचो, तू मला जय भीम घालायचास आणि मी तुला राम राम, आणि गुरुजी दोघांकडे बघून हसायचे. सहा वर्षांत तुझं नाव मी कागदावर सोड, तोंडानंही क्वचितच घेतलंय. आज घेतोय. पत्र लांबणार आहे. मी गवंडी माणूस, पाया भरल्याशिवाय मला भिंत उचलता येत नाही. तेव्हा मधेच कंटाळू नकोस, शेवटपर्यंत ऐकून घे.

आधी गावाची खबर. वाल यंदा बरा आला. पांढऱ्या कांद्याच्या माळा आता रस्त्यावर लागतील. तुझ्या परसातला शेवगा कुणी न बघता वाढलाय, शेंगा शेजारच्या कान्हाची बायको काढते आणि आमच्याकडेही चार पाठवते. आमचा सम्यक उरणला कंटेनर यार्डात लागला, रोज रेवसहून करंजाच्या तरीनं जातो. सूनबाई भावना अंगणवाडीत आहे. रेवसच्या धक्क्यावर ज्या खिडकीत बसून तू लाँचची तिकिटं फाडायचास तिथं आता एक मुलगी असते. तिला म्हटलं, इथं आमचा गणराज बसायचा, तर म्हणाली, "कोण गणराज?" मला उगीचच वाईट वाटलं. तुझ्याशी बोलत नसलो तरी तुला कुणी ओळखू नये हे मला पटेना.

दिवाळीनंतर गावात प्रणाली नावाची एक मुलगी आली. अलिबागची, डिप्लोमा केलेली, पंचवीस-सव्वीस वय, पायात जाड बूट आणि खांद्यावर तिवई. एक संस्था आपल्या खारेपाटातल्या गावांना घरांचा पुराचा विमा सामूहिक काढून देणार आहे, आणि त्याआधी प्रत्येक घराची उंची मोजून घेणार आहे, असं तिनं पंचायतीत सांगितलं. उंची बघायची दुर्बीण तिच्याकडे होती. आकड्यांची उंच पट्टी धरायला आणि परसापरसांतून वाट काढायला गावातला माणूस हवा होता. सरपंच म्हणाले, "रामजीला घ्या, अर्धं गाव त्यानंच बांधलंय." मी लगेच हो म्हटलं. लोकांना वाटलं म्हातारपणी रिकामा बसलाय, बरंच झालं. पण माझ्या मनात दुसरंच होतं. माझ्या मनात तुझं घर होतं. एकदाचं यंत्रानं मोजलं जाईल, आकडा कागदावर येईल आणि मी खरा ठरेन, असं मी स्वतःला सांगत होतो.

त्या घराचं काय झालं ते तुला पाठ आहे, पण एकदा माझ्या हातानं लिहू दे. २००५ च्या पाण्यानंतर मी एक नियम केला होता. नवीन घराचं जोतं त्या पाण्याच्या खुणेपेक्षा हातभर वर घ्यायचं, मालक कितीही कुरकुरला तरी. तुझं घर २००९ साली त्याच नियमानं उभं राहिलं. मग सहा वर्षांपूर्वीच्या त्या जुलैत उधाण आणि पाऊस एकाच दुपारी आले, पाणी सोडायच्या उघाडीच्या दरवाजांशेजारी बांधाला खांड गेली, भगदाड पडलं आणि खाडी गावात शिरली. तुझ्या आळीतली सगळी घरं उंबऱ्याशी वाचली. शेजारच्या कान्हाच्या घरात थेंब नाही. तुमच्या आळीत पाणी शिरलं ते फक्त तुझ्या घरात, चार बोटं. घरात पाणी कधी न पाहिलेल्या माणसाला चार बोटं म्हणजे काहीच वाटणार नाही. खारं पाणी, त्यात संडासाच्या टाक्या उतू गेलेल्या. तांदूळ खालून भिजला, कपाट फुगलं, लादीखालचा भराव खचला. गोदूवहिनी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती आणि पलंगाखालून साप पोहत गेला. त्या दिवसानंतर ती त्या घरात झोपली नाही.

पंचनाम्याच्या दिवशी तलाठी, सरपंच, अर्धी आळी उभी होती. तू म्हणालास, "रामजी, जोतं कमी घेतलंस." हळूच म्हणालास, मला ते आठवतं. आणि मी ओरडलो, "जोतं न्हाय कमी! तू भराव वाचवलास. चार ब्रास मुरूम कमी टाकलास, आता भोग." लोक हसले. तुझं तोंड कसं झालं ते मी बघितलं आणि तरी थांबलो नाही, आणखी दोन वाक्यं बोललो. महिन्याभरात घराला कुलूप लावून तू लेकाकडे, निकेशकडे उलव्याला गेलास. गावात अजूनही कुणी खर्चाला हात आखडला की "गणराजचा भराव" म्हणतात. हा शब्द मी गावाला दिला.

आता पौष पौर्णिमेचं सांगतो. त्या दुपारी प्रणालीनं मला उघाडीवर बोलावलं. उधाणाची भरती होती. ऊन स्वच्छ, वारा पडलेला. खाडी बांधाला लागून भरली होती, कांदळाच्या झाडांचे नुसते शेंडे वर. पाणी इतकं शांत की त्यात बगळा उलटा दिसत होता. बांधाच्या बाहेरच्या अंगाला, अगदी पाण्याच्या कडेला तिनं मला पट्टी धरायला लावली आणि आकडा लिहून घेतला. मग दुर्बीण उचलून बांधाच्या आत आली, मग शेताच्या वाटेवर, मग रस्त्यावर. अशी टप्प्याटप्प्यानं तिनं त्या पाण्याची उंची गावात आणली. शाळेसमोर, जिथं आपण विटीदांडू खेळायचो, तिथं तिनं मला पट्टी उभी धरायला सांगितली. दुर्बिणीला डोळा लावून म्हणाली, "काका, बोट वर सरकवा. अजून. अजून थोडं. हां, थांबा. आत्ता या घटकेला खाडीचं पाणी तिथवर आहे."

माझं बोट माझ्या बरगडीच्या उंचीला होतं, गणराज.

मी तसाच उभा राहिलो. रस्ता कोरडा खडखडीत. धुळीत एक कोंबडी पिल्लांना घेऊन उकरत होती. कुणाची तरी गोधडी दोरीवर वाळत होती, तिची खालची किनार माझ्या बोटाच्या रेषेत. शाळेत मुलं पाढे म्हणत होती, बाकावर बसलेली, म्हणजे डोक्यापर्यंत बुडालेली. सगळं नेहमीचं होतं आणि त्या सगळ्यावरून समुद्र आडवा पसरलेला होता, फक्त दिसत नव्हता. मला खरंच श्वास घ्यायला जड गेलं. चाळीस वर्षं मी या गावात उंची मोजत आलो, पण ती या घराची त्या घराशी. समुद्राशी कधी मोजलीच नव्हती. प्रणाली म्हणाली, "आणि ही हिवाळ्यातली दुपारची भरती आहे. आषाढातल्या उधाणाला याच्याही फूटभर वर धरा." मी विचारलं, "मग आम्ही इतकी वर्षं जगलो कसे?" तिनं बांधाकडे हात केला. मातीचा बांध. कुठं खेकड्यांनी पोखरलेला, कुठं गुरांनी तुडवलेला, ज्याच्यावरून आपण पोरपणी पळत रेवसला जायचो. त्याच्याकडे मी देवाकडेही कधी बघत नाही तसा बघत राहिलो.

त्याच आठवड्यात विहारात सगळ्या गावाची बैठक झाली. प्रणालीनं विम्याचे कागद वाटले आणि समजावून सांगितलं. कान्हा उठून म्हणाला, "मोठा पूर शंभर वर्सांनी एकदा येतो म्हन्तात. आपला येऊन गेला. आता हप्ता भरायचा कशाला?" ही शंका माझ्याही मनात होती. प्रणालीनं सांगितलं, "मडक्यात शंभर चिठ्ठ्या आहेत आणि एकीवर पूर लिहिलाय. दर वर्षी एक काढायची, वाचायची आणि परत मडक्यात टाकायची. यंदा पुराची निघाली म्हणून पुढच्या वर्षी ती मडक्यात नाही, असं होत नाही. आणि समुद्र चढतोय, तेव्हा तशी एकच चिठ्ठी राहिली असेल असं मी म्हणणार नाही." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की पूर येऊन गेला म्हणजे आपली पाळी संपली.

मग फॉर्मवरचा प्रश्न आला. पूर्वी घरात पाणी शिरलं होतं का? सगळ्यांनी एका सुरात, "न्हाय लिवा, न्हाय लिवा." मीही मान हलवली, खोटं कशाला बोलू. प्रणालीनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "नाही लिहिलंत तर हप्ता तुमचा घेतला जाईल. दर वर्षी घेतला जाईल. पण ज्या दिवशी पाणी शिरेल त्या दिवशी कुणीतरी तो जुना पंचनामा काढून समोर ठेवेल आणि तुमच्या हातात काही पडणार नाही. खरं लिहिलं तर हप्ता थोडा वाढेल, पण कागद तुमच्या बाजूनं उभा राहील." शेवटी सगळ्यांनी खरं लिहायचं ठरवलं.

पुढं तंटा झाला तो वरच्या आणि खालच्या आळीवरून. मोजणीत आमची बौद्धवाडी तुमच्या आळीपेक्षा पावणेदोन फूट खाली निघाली. का, ते विचारायला दुर्बीण लागत नाही. वरची माणसं म्हणाली, आमची घरं उंच, मग आम्ही त्यांच्याइतकाच हप्ता का भरायचा? प्रणाली म्हणाली, एकेकट्यानं काढला तर खालच्यांना परवडणार नाही, सगळं गाव एकत्र आलं तरच सगळ्यांना एक दर. आवाज चढले. तेव्हा ठमाबाई उठली. नव्वदीला टेकलीय, भिंतीला धरून उभी राहिली. म्हणाली, "मी लगीन करून आले तवा पयल्याच वर्सी खांड गेली. दवंडी पिटली. परतेक घरातनं एक मानूस. खांड कुनाच्या शेतापाशी पडली ते कोनी इचारलं न्हाय. ढेकूळ काडायचं, हातावर घ्यायचं, पुढच्याला द्यायचं. आनि ह्या वाडीची मानसं सगल्यात पुढं, गल्याइतक्या पान्यात. तवा उंच-खाली कोनी मोजलं न्हाय. आता मोजता?" मग खाली बसली आणि प्रणालीला म्हणाली, "ह्यो तुझा इमा म्हंजे बांधाची पाळीच की गं बाय. मग आदी तसं सांगायचंस." त्यावर वरच्या आळीनंही एक दर मान्य केला. माझ्या आजोबांना मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते दिसले, गळ्याइतक्या पाण्यात, हात वर करून ढेकूळ घेताना.

मग घरोघरची मोजणी. इथं मात्र माझी छाती फुगली. प्रणाली दुर्बिणीतून बघण्याआधी मी सांगायचो, हे जोतं खुणेच्या वर दीड फूट. ती बघायची, आकडा लिहायची आणि डोळे मोठे करायची. माझ्या हातची एकतीस घरं झाली. कुठं फरक पडला तर पाव इंच, अर्धा इंच. "काका, तुम्ही हे नुसत्या नळीनं केलंत?" मी म्हटलं, "नळीनं आणि पाण्यानं. पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीला राहतं, त्याला कुणी शिकवलेलं नाही." विहाराचं जोतं तर तिनं दोनदा मोजलं, सगळ्या गावात उंच तेच. त्या जुलैत अर्धं गाव त्याच ओट्यावर बसलं होतं, तूही होतास, माझ्या शेजारी. तेव्हा आपण अजून बोलत होतो.

बत्तिसावं घर तुझं. मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. प्रणालीनं आकडा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, परत बघ. तिनं परत बघितलं. मी दुर्बीण हलवायला लावली, दुसऱ्या बाजूनं बघायला लावलं. तिन्ही वेळा तेच. साडेपाच इंच कमी. मी म्हटलं, भराव बसला असेल. तिनं उंबऱ्याशी वाकून जोत्याच्या दगडी पट्टीवर बोट ठेवलं. "काका, नुसता भराव कमी असता किंवा खचला असता तर पट्टी वर राहिली असती आणि लादी खाली गेली असती. इथं पट्टीच खाली आहे." तिनं ते आरोप म्हणून म्हटलं नाही. तिला आपलं भांडण माहीतही नव्हतं. तिनं फक्त आकडा लिहिला आणि पुढं गेली.

मी घरी जाऊन माझी नळी काढली. दुपारची वेळ, आळीत कुणी नव्हतं. नळी भरली, टिचक्या मारून मारून सगळी हवा काढली, एक टोक कान्हाच्या जोत्याला बांधलं, दुसरं घेऊन तुझ्या दारात आलो. पाणी डुलत डुलत स्थिर झालं. साडेपाच इंच. मी तुझ्या पायरीवर बसलो. आणि आता जे लिहितो ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नीट शब्दांत सांगितलेलं नव्हतं.

जोत्याची खूण केली त्या सकाळी तू धक्क्यावर कामाला होतास. मला उरणला दुसऱ्या कामावर पोचायचं होतं, घाई होती. नवी नळी आणली होती, भरली आणि तशीच पसरली. एक टोक मी धरलं आणि दुसरं कान्हाच्या जोत्याशी गोदूवहिनीनं. ती म्हणाली, "भावजी, माझ्या बाजूला नळीत मधी मधी पांढरं दिसतंय." ती हवा होती. बुडबुडे अडकले की त्या बाजूचं पाणी खोटं चढतं आणि दुसऱ्या टोकाला खूण खाली पडते. हे कालचा पोरगाही जाणतो. मी म्हटलं, "काही नाही वहिनी, धरा तुम्ही." आणि खूण मारून निघून गेलो.

आणि गणराज, हे मला माघ महिन्यात पायरीवर बसल्यावर आठवलं असं समजू नकोस. पंचनाम्याच्या दिवशी तू "जोतं कमी घेतलंस" म्हणालास त्याच क्षणी मला ती सकाळ आठवली होती. तिचा आवाज जसाच्या तसा आठवला होता. म्हणूनच तर मी ओरडलो. मला खात्री असती तर मी हळू बोललो असतो. आणि वहिनी तिथंच उभी होती, भिजलेल्या गोधड्या घेऊन. तिनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. तिच्या एका शब्दानं माझी चाळीस वर्षांची इज्जत त्या चिखलात गेली असती. ती काही बोलली नाही. गोधड्या घेऊन आत गेली.

परवाच्या दहा तारखेला शेवटची बैठक झाली, सह्यांची. प्रत्येक घराच्या कागदावर पूर्वी पाणी शिरल्याचं कारण लिहायचं होतं. तुझ्या घराचा कागद आला. सरपंच म्हणाले, "मालक हजर नाही. लिहा, मालकानं भराव कमी टाकला. सगळ्यांना माहीत आहे." कुणीतरी मागून "गणराजचा भराव" म्हटलं आणि हसू आलं लोकांना. प्रणालीनं पेन उचललं. मी उठलो. म्हटलं, "लिहू नका. भराव पुरा होता. जोतं मी खाली घेतलं. नळीत हवा होती, मला सांगितलं गेलं होतं, मी ऐकलं नाही. आणि हे मला सहा वर्षं माहीत आहे." एवढंच बोलता आलं. प्रणालीनं माझ्याकडे बघत बघत ते तसंच लिहिलं आणि कागद मला सहीला दिला. ठमाबाई म्हणाली, "बस आता. पानी पी." कान्हा उठून बाहेर गेला.

त्याचं मोल लागलंच. कान्हाच्या पुतण्याचं घर मला मिळणार होतं, ते पेणच्या ठेकेदाराला गेलं. दोघा-तिघांनी प्रणालीला आपलं जोतं पुन्हा मोजायला लावलं, माझ्या देखत. मी पट्टी धरली. धरायलाच हवी होती. सम्यक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी चहा घेऊन शेजारी बसला. पण एक सांगू? त्या दिवसानंतर "गणराजचा भराव" मी ऐकलेला नाही. काल दुकानात कुणाच्या तरी तोंडातून निघत होता, तो मधेच थांबला आणि माझ्याकडे बघून मान खाली घातली.

तुझ्या घराचा कागद तुझ्या सहीवाचून थांबलाय. महिनाअखेरपर्यंत सही झाली तर तुझं घरही गावाच्या विम्यात येईल. आणि माझी एक विनंती आहे. चावी पाठव. आतली लादी काढून, जोत्यावर थर चढवून, चौकटी वर घेऊन ते घर मी हवं तिथं आणीन, पावसाच्या आधी. छपराला उंची पुरेशी आहे, मी बघितलंय. मजुरी देऊ करू नकोस, मला ते सहन होणार नाही. घरात राहायला या असं मी म्हणत नाही. ते वहिनीनं ठरवायचं. पण घर उंच झालेलं तिनं एकदा बघावं, एवढीच इच्छा आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. मी ते आपणहून लिहिलेलं नाही. बैठकीची बातमी कुणीतरी उलव्याला पोचवली आणि चार दिवसांपूर्वी वहिनीचा फोन आला. सहा वर्षांनी. मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?" ती म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही दोघांनी जन्मात एकमेकांचं तोंड बघितलं नसतं. न बोलून तरी काय वेगळं झालं म्हणा. मला वाटायचं तुम्हीच सांगाल. आज सांगाल, उद्या सांगाल." मग म्हणाली, "गावाला सांगितलंत, आता ह्यांना सांगा. फोनवर नको, लिहून पाठवा. आणि मी काय बोलले होते ते गाळू नका." लिहूनच का, ते मला कळलं नव्हतं. काल पत्त्यासाठी निकेशला फोन केला तेव्हा तो म्हणाला की तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेत, अजून महिनाभर वाचायचं नाही, घरात येईल ते आई वाचून दाखवते. म्हणजे हे सगळं आत्ता वहिनीच तुला वाचून दाखवतेय. नळी तिनं धरली होती, ती बोलली होती, आणि तिनं सहा वर्षं तुझ्यापासूनही ते लपवून ठेवलं, हे तू तिच्याच आवाजात ऐकलंस. मला विहारात उभं राहायला एवढी वर्षं लागली, तिनं ते तुझ्यासमोर बसून, एकेक ओळ वाचत केलं. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचंच तर माझ्यावर रागाव, आणि इथं येऊन रागाव, मी कुठं जात नाही. वहिनी, तुम्ही एक ओळही गाळली नसणार याची मला खात्री आहे. आता कागद खाली ठेवा. तो लगेच काही बोलला नाही तर बोलायला लावू नका, थोडा वेळ त्याच्याजवळ नुसत्या बसा.

तुझाच,
रामजी